गळणाऱ्या ट्रकाची मालकीण

आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो हमखास धावत माझ्याकडे येतो आणि सांगतो, सेक्रेटरीसाहेब, खाली ट्रकखाली कोणीतरी सापडलंय. मी त्याला आधी बसवतो आणि चहा देतो. सापडलेलं वगैरे कोणी नसतं, त्या ठमाबाई असतात. सत्तरी ओलांडलेली बाई, लुगड्याचा कासोटा घट्ट आवळलेला, हातात टॉर्च आणि पाठीखाली सिमेंटची रिकामी गोणी. इंजिनाच्या पोटाखाली उताणं पडून त्या तेलाचे थेंब बघत असतात. दात त्यानंतर घासतात.

पनवेलच्या कडेला आमची ही इमारत उभी आहे ती ठमाबाईंच्या शेतावर. बिल्डरशी करार करताना त्यांनी लिफ्टची चौकशीसुद्धा केली नाही, पण ट्रकाची जागा मात्र पहिल्या पानावर लिहून घेतली. त्यामुळे गेटातून आत आलं की आधी ट्रक दिसतो आणि मग इमारत. कोणी नाक मुरडलं तर त्या म्हणतात, "गाडी आधी आली, तू मागून आलास."

त्या सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. मला तू, वॉचमनला तू, आरटीओत ट्रक तपासून पासिंग देणाऱ्या साहेबालाही तू. यात अपमान नसतो. गव्हाणच्या मिठागरावर वाढलेल्या या बाईला 'तुम्ही' म्हणायला वेळ नाही, इतकंच.

वेळ नाही, कारण त्यांना जगातल्या सगळ्या बिघाडांची कारणं सांगायची असतात. त्यांचा सिद्धांत एकच आहे: "वर बग." तेल खाली दिसतं, पण ते वरून कुठून तरी ओघळत आलेलं असतं, म्हणून वर बघायचं. हे इंजिनापुरतं ठीक होतं. पण एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांची भिंत ओली झाली, प्लंबरने त्यांची फरशी फोडली, आणि ठमाबाईंनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं की वरच्याचा नळ बघा. नळच निघाला. तेव्हापासून त्यांना आवर राहिला नाही. पोराला गणितात मार्क कमी पडले, तर त्या म्हणतात मास्तर बग. नळाला पाणी आलं नाही, तर नगरसेवक बग.

चूक कबूल करणं मात्र त्यांच्या स्वभावात नाही. या पावसाळ्याच्या आधी ट्रक फारच गळायला लागला, तेव्हा त्यांनी निदान केलं की इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. पॅकिंग बदललं, तरी तेल गळतच होतं. पुन्हा बदललं, तरी तेच. मी म्हटलं, मावशी, दुखणं दुसरीकडे असेल. त्या म्हणाल्या, पॅकिंग नकली निघालं, दुकानदार बग.

तोवर आमच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर काळं तळं साचलं होतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्याचे फोटो येत होते. खरं तर ट्रकाचे चार थेंब पहिल्यापासूनच पडायचे. नवे ब्लॉक बसवल्यावर मी त्याबद्दल एकदा ट्रकाच्या ड्रायव्हरकडे, हमीदचाचांकडे, जरा कडक शब्दांत तक्रार केली होती. त्यानंतर गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच.

हमीदचाचा आपटा गावचे. ठमाबाईंचे यजमान होते तेव्हापासून हा ट्रक तेच चालवतात. तेव्हा उरणकडून मीठ आणायचे, आता खडी टाकतात. चाचा आणि ठमाबाई यांचं रोज भांडण होतं. हवा कमी भरली, गिअर उशिरा टाकला, हा रस्ता का धरला, तो का सोडला. सुरुवातीला आम्ही मध्ये पडायचो. मग लक्षात आलं की आपण मध्ये पडलो की दोघं मिळून आपल्यावर येतात.

ठमाबाईंचा मुलगा किसन मोठा कंत्राटदार आहे. त्याचे नवे डंपर आहेत, आणि आईचा हा ट्रक त्याला लोकांत लाज आणतो. चाचांनी मागे एकदा हॅन्डब्रेक न लावताच गाडी सोडली होती आणि एकदा गेटाला आरसा घासला होता, हे तो विसरलेला नाही. त्याने आवारात, आम्हा सगळ्यांसमोर आईला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात पासिंग आहे. तोवर गळती थांबली नाही तर गाडी भंगारात. आणि चाचाची आता एक जरी चूक दिसली, तरी त्याला घरी बसवणार. गाडी पास झाली तरी."

चाचा तिथेच उभे होते, ते टायरकडे बघत राहिले. मला वाटलं आता ठमाबाई किसनला उभा फाडतील. पण त्या "बरं," एवढंच म्हणाल्या. दिलेला शब्द ही बाई फिरवत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारी ट्रक कळंबोलीच्या गॅरेजला निघाला. ठमाबाईंनी मला गच्चीवरून खाली बोलावलं आणि म्हणाल्या, तक्रार तुझी हाय ना, मग चल, डोळ्यांनी बग. केबिनमध्ये मी दोघांच्या मधे बसलो आणि तिथवर दोन्ही बाजूंनी भांडण ऐकलं.

गॅरेजवाला सुरेश मिस्त्री शांत माणूस. त्याने आधी डिझेल आणि पाण्याने सगळं इंजिन धुतलं आणि हवेने सुकवलं. मग बाळांना लावायची पावडर काढली आणि इंजिनाला सगळीकडून फासली. कोरड्या पावडरीवर तेल जिथून निघेल तिथे काळी रेघ उमटते, असं त्याने मला समजावलं. काळंकुट्ट इंजिन न्हाऊन माखून पांढरं होऊन बसलं. ठमाबाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं. आपलं पॅकिंगच दोषी ठरणार याची त्यांना खात्री होती.

चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मिस्त्रीने इंजिन चालू केलं. रेघ वरच्या झाकणाखाली उमटली. ठमाबाईंनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग एक रेघ पुढच्या बाजूला उमटली, आणि मग खाली तेलाच्या चेंबरच्या कडेने. इंजिन सगळीकडूनच गळत होतं. मिस्त्रीने तेल ओतायचं झाकण उघडलं, तर आतून धुराचा भपकारा आला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आत दाब कोंडलाय. एक तर आतल्या रिंगा गेल्या, मग सगळं इंजिनच बांधावं लागेल, नाहीतर वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप तुंबलाय. पाइप बघायचा तर इंजिन जरा थंड होऊ दे. ते बंद करून तो हात धुवायला गेला.

ठमाबाईंना थांबणं माहीत नाही. त्या गोणी न घेताच खाली घुसल्या. इंजिनाच्या बाजूने ती ब्रीदरची नळी खाली लोंबत होती, तिच्या तोंडात त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि लुगड्याच्या पदराने धरून काहीतरी ओढलं. तेलाने कडक झालेला एक बोळा बाहेर आला. त्यांनी तो उलगडला. आत लाल चौकडी दिसत होती. हमीदचाचांच्या खांद्यावर असायचा, तोच रुमाल.

मला सगळं कळलं. ते चार थेंब या नळीतून पडायचे. मी तक्रार केली आणि चाचांनी आपल्या भाभीला, म्हणजे ठमाबाईंना, बोल लागू नये म्हणून नळीचं तोंडच बुजवून टाकलं. इंजिनाला वाफ सोडायला वाट उरली नाही, म्हणून ते मिळेल त्या फटीतून तेल ओकायला लागलं. चार थेंब वाचवण्याच्या नादात चाचांनी अख्खी गाडी पणाला लावली होती.

ठमाबाई खालून बाहेर आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी बोळा मुठीत घट्ट आवळला.

"तू काय बगितलं नाय."

"पण मावशी, किसन येईल तेव्हा..."

"किसन मना काय इचारतो? 'हो आय, हो आय' करतो नि मोटारीत बसतो. सूनपन तशीच. तुमी सोसायटीवाले तोंडावर मावशी मावशी, मागून फोटो काढता. माज्याशी भांडायला आता हा एकटा उरलाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तो घरी बसला तर दिवसभर मी कोनाशी बोलू?"

एवढ्या भरल्या इमारतीत राहणाऱ्या या बाईची मला त्या क्षणी फार दया आली, पण ती दाखवायची माझी छाती नव्हती.

मिस्त्री आला. त्याला नळी मोकळी दिसली आणि तिच्या तोंडाला चिकटलेले कापडाचे धागेही दिसले. इंजिन पुन्हा चालू केलं, झाकण उघडलं, भपकारा नव्हता. आतला दाब गेला होता. रिंगा शाबूत आहेत, म्हणाला, सैल झालेली पॅकिंग बदलून देतो, गाडी खुशाल पासिंगला न्या. ते काम चालू असताना किसनची मोटार आली. उतरतानाच त्याने विचारलं, काय निघालं. मिस्त्री म्हणाला, पाइपात कोणीतरी बोळा घातला होता बहुतेक. किसनने लगेच इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, चाचा कुठे आहे?

ठमाबाई खुर्चीतून उठल्या.

"मी घातला बोळा."

"आय, तू?"

"फरशीवर डाग पडतात म्हनून ह्या सोसायटीवाल्यांची बोंब. मी बुजवला. चूक झाली."

ठमाबाईंनी चूक कबूल केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि तीही त्यांची नव्हती. त्या पुढे म्हणाल्या, "वय झालं माजं, डोकं चालत नाय. मना बसव घरी, बसवतोस?" आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. किसन डोकं खाजवत म्हणाला, असू दे आय, आणि पासिंगची तारीख सांगून निघून गेला.

चाचा टोपीची घडी करत परत आले तेव्हा मिस्त्री शेवटचे बोल्ट आवळत होता. चाचांनी वाकून त्या नळीच्या मोकळ्या तोंडाकडे पाहिलं. नंतर बराच वेळ ते वाकलेलेच होते.

परत येताना मी पुन्हा दोघांच्या मधे. सायन-पनवेल रस्त्याला लागेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. एवढी शांतता मी त्या केबिनमध्ये कधी ऐकली नव्हती, आणि ती मला सहन होत नव्हती. शेवटी चाचा समोर बघत हळूच म्हणाले, "भाभी, तो रुमाल माझा होता."

"समोर बग," ठमाबाई म्हणाल्या. "खड्डा हाय."

चाचांनी गिअर बदलला.

"दिसतोय मला खड्डा. गाडी मी चालवतोय की तुम्ही?"

"तू चालवतोस म्हनून तर सांगतंय."

पनवेल येईपर्यंत ते त्या खड्ड्यावरून भांडत होते, आणि मी मधे हात जोडून, एकही शब्द न बोलता बसलो होतो.