डोंगरावर रुसलेला जावई

बापूसाहेबांनी अरविंदची परीक्षा घ्यायची ठरवली आणि त्यासाठी रविवारी दुपारी देवासच्या घरी व्हीसीआर भाड्याने मागवला. रंगीत टीव्हीसकट हातगाडीवरून तो आला, तेव्हा अर्धी गल्ली मागोमाग घरात शिरली. परीक्षेचं कारण एवढंच होतं, की अरविंदच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, पत्रात लिहिलं होतं, ‘चिरंजीव पीथमपुरास कारखान्यात असून साहेबांशी इंग्रजीतच बोलतात.’

चिरंजीव कारखान्यात होते हे खरं. पण त्यांचं काम खोक्यांवर ‘धिस साइड अप’ असा शिक्का मारण्याचं होतं, आणि एवढ्या इंग्रजीवर त्यांचा पगार चालू होता. धारहून शिफ्टच्या बसमध्ये उभ्याने जाऊन-येऊन त्यांच्या पोटऱ्या सुजायच्या, म्हणून लग्नात स्कूटर हवी होती. स्वतःच्या पगारातून ती घेता येते हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आपल्यात ते कोणाच्याच डोक्यात येत नाही. मुलीचा बाप जिवंत असताना दुकानात कशाला जायचं?

मुलगी पसंत होती. बापूसाहेबांची ही चारुलता बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

“काय भिया, कोनसी लाया?” बापूसाहेबांनी व्हिडिओवाल्याला विचारलं.

“एकदम नया माल, बापूसाब. इंग्लिश. साफ-सुथरी. शुरू से आखिर तक बरफ ही बरफ.”

“छान. अरविंदराव, हे गोरे तोंडात सुपारी धरून बोलतात. आमचं इंग्रजी जुन्या संस्थानातलं, दरबारी, ते यात चालत नाही. तुम्ही आम्हाला मराठीत सांगत चला.”

अरविंदने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी पंख्याकडे पाहिलं.

कॅसेट सुरू झाली. पांढराशुभ्र डोंगर आला, दाढीवाले गोरे दोर बांधून चढू लागले आणि भराभर बोलू लागले. अरविंदला त्यातलं ‘येस’ आणि ‘नो’ कळलं.

“काय म्हणतोय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“थंडी आहे म्हणतोय.”

“ते दिसतंय. पुढे?”

तेवढ्यात एक तरणा गडी बाकीच्यांवर ओरडला, सामान आपटलं आणि एकटाच वर निघाला. दाराआडून चारुलतेचा आवाज आला, “हा का निघाला सगळ्यांना सोडून?”

बापूसाहेबांची थोरली विधवा बहीण, माई, पुढेच बसली होती. तीच म्हणाली, “रुसला असेल मेला.”

बुडत्याला काडी मिळाली. “बरोबर,” अरविंद म्हणाला. “जावई आहे तो.”

घरात हालचाल झाली. बायका पुढे सरकल्या. आतापर्यंत ते परक्या लोकांचं गिर्यारोहण होतं; आता घरचं लग्न झालं.

“आणि हे बाकीचे?”

“मुलीकडचे. हा बाप, हा मामा. समजूत काढायला चाललेत.”

“रुसला कशावरून?” माईने विचारलं.

या प्रश्नाला हजार उत्तरं होती. पण माणसाच्या डोक्यात जे असतं तेच तोंडात येतं. “स्कूटरवरून,” अरविंद म्हणाला.

भाऊंनी त्याच्या मांडीला चिमटा काढला. उशीर झाला होता.

“त्यांच्यातही मागतात?” बापूसाहेबांनी सावकाश विचारलं.

“मागतात. बर्फावर चालणारी असते.”

पुढे गोऱ्यांनी बुटाचं कातडं उकळून खाल्लं. जावयाने पंगतीतून उठून आधी जेवण नासवलं, म्हणून मुलीकडच्यांवर ही पाळी आली, असं अरविंदने सांगितलं. शेजारच्या सुभद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग वरच्या जावयाने चाकू काढला आणि खाली लोंबकळणाऱ्याचा दोर कापला. तो दरीत गेला.

“कोण गेला?”

“मामा,” अरविंद म्हणाला. आता त्यालाही थांबता येत नव्हतं.

“मामाला मारलं?” माईचा आवाज चढला. “मुलीला बोहल्यावर आणणाऱ्या मामाला? स्कूटरपायी?”

शेवटी हेलिकॉप्टर आलं आणि त्या दाढीवाल्या जावयाला घेऊन उडालं. माईने कपाळाला हात लावला. “दिलं शेवटी बापानं. स्कूटर मागितली, विमान घेऊन गेला.”

बापूसाहेबांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. मग भाऊंना म्हणाले, “व्याही, मुलगी देऊ, नारळ देऊ. स्कूटर होणार नाही. जावयाची भूक कुठवर चढते ते आज डोळ्यांनी पाहिलं.”

धारला परतताना भाऊ सगळ्या रस्त्याने बोलले. “गाढवा, वाघाने खाल्लं म्हणायचं मामाला. भूकंप म्हणायचं. स्कूटर कशाला काढलीस तोंडातून?”

पण भाऊ हार मानणारे नव्हते. मुलाचा बाप हार मानत नाही, त्याला ती सवयच नसते. महिन्याभरात त्यांना इंदूरच्या एका दुकानात तीच कॅसेट हिंदीत मिळाली. नवीनच निघाली होती. ते ती घेऊन अरविंदसकट देवासला थडकले. व्हीसीआर पुन्हा आला, गल्लीही पुन्हा आली.

“आता सगळ्यांना समजेल अशा भाषेत बघा,” भाऊ म्हणाले. “यात जावई नाही, स्कूटर नाही. दोस्त आहेत ते. मागच्या खेपेला पोरगा जरा गोंधळला.”

सिनेमा लागला. दाढीवाला शुद्ध हिंदीत म्हणाला, “मेरे दोस्त, रस्सी काटनी पड़ेगी, वरना दोनों मरेंगे.” दोर कापला गेला आणि दाढीवाला ढसाढसा रडला.

“बघा,” भाऊ म्हणाले.

“बघतेय,” माई म्हणाली. “आता मामाला दोस्त म्हणतोय. लाज नाही मेल्याला.”

“अहो माई, दोस्तच आहे तो.”

“दोस्तासाठी कोणी एवढं रडतं? जावयांनीच बदलून घेतली असेल ही कॅसेट. बाजारात त्यांचंच चालतं.”

सुभद्राबाईंनाही ते पटलं. हिंदीवाल्यांनी स्कूटरचा सगळा भाग गाळला, अशी गल्लीत कुजबुज झाली. व्हिडिओवाला दाराशी टेकून म्हणाला, “डब्बिंग में काट देते हैं, माईसाब,” कारण त्याला गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं.

भाऊ तडकले. “अरविंद, सांग यांना. खरं काय ते सांग.”

“हो, सांगा,” बापूसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. “तुमचा शब्द शेवटचा. ही हिंदी खरी असेल, तर तुम्हाला इंग्रजी येत नाही, आणि पत्रात खोटं लिहिणाऱ्या घरात मी मुलगी देत नाही. तुमचं इंग्रजी खरं असेल, तर तो जावई नालायक, आणि स्कूटर नाही. आम्हाला काय, दोन्ही चालेल.”

बापूसाहेबांचा चेहरा अगदी साधा होता. दरबारी माणसांचा असतो तसा.

चारुलता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती आत येत नव्हती, मागेही जात नव्हती. अरविंदने तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. सुजलेली पोटरी त्याने एकदा चोळली.

“हिंदीत चूक आहे,” तो म्हणाला.

चारुलतेने पहिला कप त्याच्या हातात दिला. साखर जरा जास्तच होती.

भाऊंनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. घसा खाकरून म्हणाले, “ठीक आहे. पण निदान एखादं मनगटी घड्याळ तरी...”

माईने टीव्हीवरची नजर काढली नाही.

“अरविंदराव,” ती म्हणाली, “वडिलांना डोंगरावरून खाली उतरवा. ऊन आहे तोवर.”