तीन नंबरचा गाल

सोमवार, तीन मार्च. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सनस्क्रीनच्या चार ट्यूबा एका रेषेत उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर परीक्षक चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसले होते. रंगाच्या कारखान्यात रंग तपासण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी नुसते रोखून पाहिले तरी वस्तू आपणहून सावधान उभी राहते, असे त्यांच्या मुलीचे मत होते.

हा सारा खटाटोप एका पुलासाठी होता. नदीवरच्या नव्या पोलादी पुलाला लागणारा रंग परीक्षकांनी चार वर्षे खपून सिद्ध केला होता. तो पुलावर चढताना जागेवर उभे राहून तपासणे, हे निवृत्तीपूर्वीचे त्यांचे शेवटचे मोठे काम ठरणार होते. मात्र पुलावर कणभरही आडोसा नव्हता, आणि कारखान्याच्या डॉक्टरबाईंनी तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करायचे नाकारले होते. गेल्या उन्हाळ्यात टाकीच्या कामावर असताना बाईंनी दिलेले सनस्क्रीन परीक्षकांनी दुसऱ्याच दिवशी धुऊन टाकले होते. त्यांची त्वचा मुळातच तेलकट. तिच्यावर ते चिकट मलम बसले, की कपाळावर मुरुमांचे पीक येई. धुतल्यामुळे चेहरा भाजला, तो वेगळाच.

“रोज न कुरकुरता लावाल असं एक शोधा,” डॉक्टरबाईंनी बजावले होते. “शुक्रवारी चेहरा घेऊन या. जमलं तर सही. नाहीतर उपपरीक्षक जातील.”

उपपरीक्षक वर्षानुवर्षे परीक्षकांच्या मागे दोन पावले अंतर ठेवून चालत आल्यामुळे सारा कारखाना त्यांना सावली म्हणे. सावलीने शुक्रवारची वाट न पाहता रुंद काठाची टोपी विकत घेतली होती.

“त्यातली एक उचला नि फासा तोंडाला,” शाळेत जायच्या घाईत असलेली बायको म्हणाली. “ही निळी बघा. पाण्यासारखी हलकी आहे, बिनतेलाची. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई हीच लावतात.”

“चित्रकलेच्या बाईंचा निष्कर्ष माझ्या चेहऱ्याला लागू होत नाही.”

“अहो, नवरा निवडतानासुद्धा मी इतका वेळ घेतला नव्हता.”

“तिथेच पद्धत चुकली.”

“ते रोजच कळतंय मला.”

मुलीने चारही ट्यूबा उलटसुलट करून बारीक अक्षरे वाचली. “बाबा, एसपीएफ सगळ्यांचा तीसच्या वर आहे. तेलकट त्वचेला जेल किंवा पाण्यावरचं घ्यायचं, छिद्रं न बुजवणारं. संपला विषय.”

परंतु परीक्षकांचे लक्ष तिसऱ्या ट्यूबेच्या पाठीवर खिळले होते. “यात झिंक ऑक्साइड आहे,” ते पुटपुटले. “टायटॅनियम डायऑक्साइडही आहे!” त्यांचा आवाज एकाएकी कोवळा झाला. “अगं, हे तर आमच्या पांढऱ्या रंगात पडतं. म्हणजे हा रंगच झाला की! पत्र्याऐवजी चेहऱ्यावर लावायचा, एवढंच.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. आता यांना कोणी आवरू शकणार नाही, हे दोघींनाही उमगले.

रंगाची तपासणी कशी करतात, हे परीक्षकांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्याकडे प्रत्येक नमुना नावाविना, केवळ नंबरावर येई. नाव दिसले की डोळा पक्षपात करतो, हे त्यांचे लाडके वाक्य होते. म्हणून त्यांनी बायकोच्या हाती चार रिकाम्या बाटल्या आणि चार नंबरांच्या चिठ्ठ्या दिल्या.

“तू आतल्या खोलीत जाऊन भर. कुठल्या बाटलीत काय, ते मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही.”

“माझे पेपर तपासायचे राहिलेत हो.”

“दहा मिनिटांचं काम आहे.”

बायको आत गेली आणि तीन मिनिटांत बाहेर आली. परीक्षकांनी तिच्या वेगाचे मनापासून कौतुक केले.

मग चेहऱ्याची वाटणी झाली. रंगकामाच्या वेळी कडा सरळ येण्यासाठी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावून मुलीने सीमा आखून दिल्या. एक नंबर कपाळाला, दोन नंबर उजव्या गालाला, तीन नंबर डाव्या गालाला, चार नंबर हनुवटीला.

“आणि नाक?” तिने विचारले.

“ते कोरं ठेवायचं. तुलनेसाठी एक भाग बिनरंगाचा लागतोच.”

“बाबा, उन्हात सगळ्यात आधी नाकच भाजतं!”

“म्हणूनच तर ते उत्तम,” परीक्षक समाधानाने म्हणाले.

पहिला दिवस सुरळीत गेला. कारखान्यात लोक त्यांच्याकडे पाहून गप्प होत आणि ते पुढे गेले की बोलू लागत. पण याची त्यांना सवय होती. मंगळवारी मात्र चाचणीचा दर्जा वाढवावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

कारखान्याच्या गच्चीवर रंगवलेले पत्रे उन्हात टिकतात की नाही हे पाहण्यासाठी एक लोखंडी मांडणी होती. तिच्यावर पत्र्यांचे तुकडे तिरपे, सूर्याकडे तोंड करून वर्षानुवर्षे पडून असत. दुपारी जेवणाच्या सुटीत परीक्षकांनी ताजे थर लावले, स्टूल मांडणीला टेकवले, दोन पत्र्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत डोके ठेवले आणि पत्र्यांच्याच कोनात चेहरा सूर्यासमोर धरला. थर वाळेपर्यंत चेहऱ्याचा एकही स्नायू हलवायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. ओला थर हलला की तडा जातो.

पाचव्या मिनिटाला पहारेकरी गच्चीचे दार तपासायला आला. त्याला परीक्षकांचे डोके पत्र्यांच्या रांगेत दिसले.

“साहेब?”

उत्तर नाही.

“साहेब, बरं वाटत नाही का?”

परीक्षकांनी ओठ न हलवता “उं” असा आवाज काढला. पहारेकऱ्याने मागे वळून जिन्यातून जी हाक मारली, ती पार गोदामापर्यंत गेली. “धावा रे! साहेबांची वाचा गेली!”

गच्ची भरली. डॉक्टरबाई धापा टाकत आल्या आणि त्यांच्यामागून स्ट्रेचरचे पुढचे टोक धरून सावली आली. तिच्या हालचालीत इतका उत्साह पूर्वी कुणी पाहिला नव्हता.

“हसून दाखवा,” डॉक्टरबाईंनी फर्मावले. अर्धांगाचा झटका ओळखायची ती पहिली पायरी होती.

परीक्षक हसले नाहीत. हसले असते तर तीन नंबर वाया गेला असता.

“दोन्ही हात वर करा.”

‘जरा थांबा’ हे सांगण्यासाठी परीक्षकांनी उजव्या हाताचे एक बोट वर केले.

“डावा हात गेला!” सावली कळवळून ओरडली. “बाई, आता हे पुलावर कसले जातात! चिंता नको, मी आहे. टोपीसुद्धा आहे.”

परीक्षकांना उचलून स्ट्रेचरवर घालण्यात आले. जिना उतरतानाही त्यांनी मान तिरपीच धरली होती, त्यामुळे मानेलाही झटका बसला असावा, अशी एक नवी शंका पुढे आली. दवाखान्याच्या दारात भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ते शांतपणे उठून बसले.

“वाळलं,” ते म्हणाले. “आता विचारा काय विचारायचंय ते.”

डॉक्टरबाईंनी जे विचारले, ते दार लावून विचारले. तरीही बाहेर पुरेसे ऐकू आले. शेवटचे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले: “शुक्रवारी मला एक उत्तर हवंय. चार नकोत, आणि गच्चीवरून तर मुळीच नको!”

शुक्रवारी परीक्षक दवाखान्यात हजर झाले, तेव्हा सावली टोपी हातात घेऊन दाराबाहेरच्या बाकावर आधीच बसली होती. परीक्षकांचे नाक पिकलेल्या टोमॅटोसारखे लाल होऊन सोलवटू लागले होते. उरलेल्या चेहऱ्यावर उन्हाची खूणसुद्धा नव्हती.

“बोला,” डॉक्टरबाई भिंग घेऊन म्हणाल्या.

“एक नंबर बाद. घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, चुरचुरतं. दोन नंबर तेलकट आहे, दुपारपर्यंत पुसलंही जातं. चार नंबर पिठासारखं पांढरं दिसतं. पण तीन नंबर!” परीक्षकांनी डावा गाल अभिमानाने पुढे केला. “अप्रतिम. चकाकी नाही, चिकटपणा नाही. असा थर मी पत्र्यावरसुद्धा क्वचित पाहिलाय.”

“मुरुमं कुठेच दिसत नाहीत,” बाई चकित होऊन म्हणाल्या. “बरं, तीन नंबर म्हणजे कुठलं?”

“ते बायकोला विचारावं लागेल.”

फोन लावला. बाईंना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

“अगं, ऐक. निकाल लागला. तीन नंबरच्या बाटलीत कुठली ट्यूब होती?”

“निळी.”

“छान! आणि दोन नंबरला? ती फार वाईट आहे, घरात ठेवू नकोस.”

“निळीच.”

परीक्षकांचा चेहरा प्रथमच नियम मोडून हलला. “आणि एक? चार?”

“अहो, सगळ्यांत निळीच होती. पेपर तपासायचे सोडून चार ट्यूबा कोण पिळत बसणार? आणि ही लावा म्हणून मी सोमवारीच सांगितलं होतं. ऐकलं असतंत का?”

परीक्षक प्रामाणिक होते. “नसतं ऐकलं,” ते म्हणाले.

“मग? चार दिवस तोंडभर लावलीत की नाही? ठेवते. मधली सुटी संपली.”

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. रुमालाने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही क्रीम तपासलंच नाहीत. तुम्ही चेहरा तपासलात! कपाळाला घाम येतो, तो डोळ्यांत जाणारच. उजव्या गालाला तुम्ही दिवसभर फोन दाबून धरता. हनुवटीच्या खुंटांत कुठलंही क्रीम अडकून पांढरं दिसतं. डावा गाल तेवढा बिनकामाचा आहे, म्हणून तिथे सगळं छान.”

“मग दाखला?” परीक्षकांनी खालच्या आवाजात विचारले. पूल डोळ्यांसमोरून एकेक खांब करून दूर चालला होता.

“चार दिवस, एकच सनस्क्रीन, एकदाही धुतलं नाही, मुरूम एक नाही. आणि ते काम करतं याचा पुरावा तुम्ही नाकावर घेऊन आलात. इतकी चोख चाचणी माझ्याकडे कुणी आणली नव्हती.” बाईंनी पेन उचलले. “पुलावर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. घाम आधी टिपायचा. आणि नाकाला सूट नाही. कबूल?”

“कबूल. फक्त एक शंका आहे,” परीक्षक खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक आली होती. “उद्यापासून फोन डाव्या कानाला धरला, तर दोन आणि तीनचे गुण बदलतील का?”

“सही करू की नको?”

“करा, करा.”

परीक्षक पुलावर एकूण एकशे बारा दिवस उभे राहिले.