क्लेटन रॉसमोरचं आयुष्य

सर्वपित्री अमावास्येला वनिताताईंनी शेजारणीच्या घरातल्या एका फोटोला हार घातला, आणि पुढचे दहा दिवस त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नाही.

हेतू शुद्ध होता. त्या आणि जनार्दनराव सहा महिन्यांसाठी लेकीकडे, उत्तराकडे, ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनला आले होते. शेजारच्या मॉरीनबाई ऐंशी पार केलेल्या आणि एकट्या. बहिणीकडे टाउरांगाला जाताना झाडांना पाणी घालायचं सांगून त्यांनी किल्ली दिली होती. त्यांच्या दिवाणखान्यात, शेकोटीच्या वरच्या फळीवर, चांदीच्या चौकटीत एका देखण्या पुरुषाचा फोटो होता. तिरकी हॅट, बारीक मिशी, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. मॉरीनबाई तो रोज पुसायच्या आणि "माझा क्लेटन" म्हणून उसासा टाकायच्या.

त्या दिवशी वनिताताईंनी आपल्या पितरांसाठी खीर-वडे केले, घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर पान ठेवलं. या गावात कावळा औषधालाही नाही. शेवटी एका सीगलने वडा उचलला, तेव्हा त्यांनी हात जोडले. मग मनात आलं, त्या बिचाऱ्या क्लेटनचं कोण करणार? मूल ना बाळ. बायको गावाला. त्या वाटीभर खीर घेऊन गेल्या, मॉरीनबाईंच्याच बागेतल्या डॅफोडिलचा हार ओवला, फोटोला घातला, नैवेद्य दाखवला आणि "तृप्त हो बाबा" म्हणाल्या.

तेवढ्यात आजीला बोलवायला बारा वर्षांची जुई आत आली.

"आजी! व्हाय द हार? इज ही डेड?"

"अगं, मॉरीनआजींचे यजमान ना ते."

"नो-ओ! शी नेव्हर मॅरीड. ही इज अ मूव्ही स्टार, आजी. क्लेटन रॉसमोर. अमेरिकन. मी आणि मॉरीनआजींनी त्याच्या हीप्स ऑफ मूव्हीज बघितल्यात."

"बरं, पण गेलेत ना ते?"

जुईने आईचा जुना फोन काढला आणि बोट फिरवलं. "नाइन्टी-फोर. स्टिल अलाइव्ह."

वनिताताईंनी घाईघाईने हार काढला. जिवंत माणसाच्या फोटोला हार! नुसता हार नाही, अमावास्येचं पान!

घरी जनार्दनरावांना हसू आवरेना. "आता वर्षश्राद्धही तुझ्याच गळ्यात."

"चेष्टा नका करू हो. चौऱ्याण्णवाव्या वर्षी माणसाला धक्का कितीसा लागतो!"

"पण त्याला कळणार कसं, आई?" उत्तरा म्हणाली. "तो कॅलिफोर्नियात, तू ऑकलंडला."

"पितरांना तरी कुठे पोस्टाने पाठवतो गं आपण? पोचतंच ना?"



दुसऱ्या दिवसापासून वनिताताईंनी रॉसमोरच्या नावाने महामृत्युंजयाची एक माळ सुरू केली. उठल्या उठल्या जुईला विचारायच्या, "बघ गं, आहे का?" आणि जुई दात घासता घासता सांगायची, "येप, अलाइव्ह." पण ज्याच्यासाठी जप करायचा त्याची माहिती नको? ती जुईने वाचून दाखवली. ओहायोत ट्रक चालवायचा. दिसायला बरा म्हणून कुणीतरी हॉलिवूडला नेला. एकसष्ट चित्रपट, त्यांतल्या चाळिसात घोड्यावर. एका निर्मात्याला ठोसा मारला म्हणून तीन वर्षं घरी बसला. मिशी गेली, केस गेले, मग टीव्हीवर न्यायाधीश झाला.

"आणि फोर वाइव्ह्ज."

"चार? एकदम?"

"नो, आजी. वन बाय वन."

वनिताताईंनी क्षणभर डोळे मिटले आणि माळ पुढे ओढली. माणूस कसाही असो, आयुष्य त्याचं होतं.

चौथ्या दिवशी जनार्दनराव चहा पिता पिता सहज बोलून गेले आणि तिथेच घोळ झाला. "आमच्या मधूकाकाच्या डोक्याला कावळा शिवला होता तेव्हा आजीने काय केलं माहितीये? साताऱ्याच्या आत्याला तार केली, मधू गेला म्हणून. आत्याने हंबरडा फोडला. लगेच दुसरी तार, सुखरूप आहे. जिवंतपणी कुणी आपल्यासाठी रडलं की गंडांतर टळतं. काका एक्क्याण्णव वर्षं जगला."

वनिताताईंचा कप हवेतच राहिला. "अहो, मग मॉरीनबाई रडतील ना! साठ वर्षं जीव लावलाय त्यांनी."

"अगं, मी गंमत सांगत होतो."

"तुम्हीच सांगा त्यांना. माझा चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम आहे."

"आणि माझं पाप?"

"तुमचा नेम नाही ना!"

रविवारी मॉरीनबाई परतल्या. हार वगैरे आधीच निघाला होता. जनार्दनरावांनी घसा साफ केला, दुःखी चेहरा केला आणि बातमी सांगितली. मागे वनिताताई पदर मुठीत धरून उभ्या. आता हुंदका येईल, की लगेच खरं सांगायचं.

मॉरीनबाईंनी फोटोची चौकट नेहमीसारखी पुसली. मग म्हणाल्या, "ओह वेल. चौऱ्याण्णव. भरपूर खेळला बिचारा. चहा घेणार ना तुम्ही?"

आणि किटली लावायला गेल्या.

"रडल्या नाहीत हो!" वनिताताई कुजबुजल्या.

"मग खरं सांगून टाकू?"

"आत्ता? रडण्याआधी? अर्धवट तोडगा उलटतो!"

मंगळवारपर्यंत मॉरीनबाईंनी रॉसमोरच्या सात जुन्या चाहत्या मैत्रिणींना फोन केले. त्यांच्याकडे कम्प्युटर नव्हता, मैत्रिणींचा त्यांच्यावर विश्वास होता, त्यामुळे बातमी तपासली कुणीच नाही. शनिवारी दुपारी त्यांच्या घरी स्मरणाचा चहा ठरला. उत्तराने कपाळावर हात मारला. "आई, तू एका जिवंत माणसाची शोकसभा भरवलीस!"

"होऊ दे. तिथे नक्की रडतील. आठ जणी आहेत."

शनिवारी वनिताताई मुद्दाम झणझणीत बटाटेवडे घेऊन गेल्या. डोळ्यांत पाणी यायला काहीतरी निमित्त असावं. पण त्या आठ म्हाताऱ्या कसल्या खमक्या! वडे खाऊन "लव्हली" म्हणाल्या आणि दुसरे मागितले. रॉसमोर घोड्यावरून खऱ्याखुऱ्या चिखलात कसा पडला ते आठवून खिदळल्या. एकीने त्याच्या चालण्याची नक्कल केली. मॉरीनबाई तर टाळ्या वाजवत होत्या. साडेतीन वाजले, चार वाजले, एकीचा डोळाही ओला होईना.

वनिताताईंनी घड्याळ पाहिलं. तोडगा तर फसलाच, आणि एका घरात आठ बायका खोट्या बातमीवर लोणी लावलेले स्कोन्स खात होत्या. आपण बोललो नाही, पण गप्प तर बसलो. नेम मोडायचा राहिला होता का काही? त्या उठल्या. हातातली बशी खाली ठेवली.

"मॉरीन. सॉरी. ही इज नॉट डेड." आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी खीर, हार, कावळा, साताऱ्याची आत्या, सगळं सांगून टाकलं. जुईने मधेमधे शब्द पुरवले. जनार्दनराव पडद्याच्या नक्षीचं निरीक्षण करत होते.

साताऱ्याची आत्या तिथे कुणाला कितपत कळली देव जाणे. मॉरीनबाईंनी चष्मा काढला, परत घातला. "नॉट डेड?"

"आय कॅन शो यू," जुई म्हणाली आणि तिने फोन काढला. बोट फिरवलं. थांबली. "ओह."

"ओह काय?" वनिताताई फोनवर वाकल्या. "गेले?"

"नो. ही गॉट मॅरीड. यस्टरडे. टू हिज नर्स."

मॉरीनबाईंनी फोन हातात घेतला. पडद्यावर चाकांच्या खुर्चीत पांढरा सूट घातलेला टकलू म्हातारा, शेजारी पंचावन्नची ठसठशीत नवरी, दोघांच्या हातात केक. मॉरीनबाई बघत राहिल्या. आधी हनुवटी हलली. मग ओठ. मग असा हंबरडा फुटला की खिडकीवरचं मांजर पळालं.

"मी थांबले होते गं!" त्या रडत म्हणाल्या. "चौथी गेली तेव्हा मी त्याला पत्र पाठवलं होतं!"

"मीसुद्धा!" शेजारची म्हणाली आणि तिचाही बांध फुटला. मग तिसरी. मग नक्कल करणारी.

वनिताताई मॉरीनबाईंच्या शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. पोटातून वाईट वाटत होतं, डोळ्यांत पाणीही आलं होतं, पण दहा दिवसांनी पहिल्यांदाच श्वास पूर्ण आत गेला.

जनार्दनराव वाकून कानाशी म्हणाले, "झालं ना मनासारखं? चल आता घरी."

"थांबा हो," वनिताताई हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या दोघी अजून राहिल्यात."