केसभर लांब काडतूस

"दुकानातलं काडतूस म्हणजे तयार कपडा! सगळ्यांच्या अंगात शिरतो, नीट बसत मात्र कुणालाच नाही. मी माझ्या रायफलच्या मापाचं काडतूस घरी बनवणार!" नॉर्बर्ट लिंडक्विस्टने नाश्त्याला बसल्या बसल्या जाहीर केलं आणि अंड्यावर एवढी मिरपूड ओतली, की त्याला स्वतःलाच शिंक आली.

आता एवढा थाट कशासाठी? तर अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये मूस हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीतून मिळतो. नॉर्बर्टने पोस्टमनकी करता करता एकोणीस वर्षं अर्ज भरले होते, आणि यंदा नंबर लागला. एक परवाना, एक मूस, ऑक्टोबरचा एक महिना! पुन्हा नंबर लागेपर्यंत स्वतःचे गुडघे टिकतील याची त्याला खात्री नव्हती. बायकोने, म्हणजे व्हर्नाने, हिवाळ्याच्या मांसासाठी फ्रीजर आधीच रिकामा करून, पुसून ठेवला होता.

सगळा घोळ होता काडतुसाच्या लांबीचा. गोळी पितळी नळकांड्यात किती खोल बसवायची, एवढाच काय तो प्रश्न! खोल बसवली तर रायफलच्या नळीतल्या पिळदार आट्यांपर्यंत तिला रिकाम्यात उडी मारावी लागते, आणि उडीत नेम ढळतो म्हणे. नॉर्बर्टच्या डोक्यात ती उडीच बसली होती. मेणबत्तीच्या काजळीवर बिनदारूच्या काडतुसाची गोळी काळी करायची, रायफलमध्ये घालून बोल्ट, म्हणजे मागची कडी, लावायचा, बाहेर काढून आट्यांचे ओरखडे भिंगातून बघायचे आणि व्हर्निअरने मोजायचं. तीन दिवस हेच! आणि दर वेळी माप वेगळंच.

"तू टोकापासून का मोजतोयस?" व्हर्नाने गाजरं सोलता सोलता विचारलं. "टोकं बघ की! एक बोथट, एक अणकुचीदार. मी गाजर घेताना शेपूट धरून मापते का?"

नॉर्बर्टने दोन गोळ्यांची टोकं भिंगाखाली धरली. खरंच की! आटे टोकाला लागतच नाहीत, ते लागतात गोळीच्या फुगीर भागाला. तिथून मोजलं आणि माप जमलं. इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता.

"केसभर अंतर तरी कशाला ठेवायचं?" तो म्हणाला. "टेकूच दे ना आट्यांना! उडीच नको."

"दाजी, नको," व्हर्नाचा भाऊ एमेट म्हणाला. "टेकवलं की दाब वाढतो. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"दारू कमी घातलीय मी. मला शिकवतोस?"

वीस काडतुसं झाली. नॉर्बर्टने ती खिडकीत ओळीने मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता तिघं वाळुंजाच्या झुडपांनी भरलेल्या दलदलीपाशी पोचले. एमेटकडे नुसती सुरी आणि दोर, तो मांस वाहायला आलेला. नॉर्बर्टने काडतुसं रायफलच्या पोटातल्या पेटीत, मॅगझिनमध्ये, घालायला घेतली, तर जाईनात! केसभर लांब!

"मॅगझिनचं माप घेतलं नव्हतंस?" व्हर्नाने विचारलं.

"घेतलं असतं, पण... मला एकच गोळी लागते!" असं म्हणून त्याने एक काडतूस हातानेच थेट नळीत सारलं आणि बोल्ट जोर लावून बंद केला.

इतक्यात एमेटने त्याचा दंड दाबला. समोर काटेरी कुंपण, आणि कुंपणापलीकडे मूस! शिंगं दिवाणखान्यातल्या सोफ्याएवढी. पण मध्ये झुडपं, नेम धरायला कुंपण ओलांडणं भाग. आणि कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करायची, हे तिथे दहाव्या वर्षीच गिरवून घेतात. नॉर्बर्टने इमानदारीत बोल्ट मागे ओढला.

नळकांडं बाहेर आलं. गोळी आलीच नाही! ती आट्यांत घट्ट रुतून बसली होती, आणि सगळी दारू खसखशीसारखी रायफलच्या पोटात सांडली.

"हे काय?" व्हर्ना कुजबुजली.

"थोडं... जास्तच टेकलं."

"मग ढकल की बाहेर!"

"नळी साफ करायचा गज घरी राहिलाय."

मूस पाला चघळत मान वाकडी करून बघत होता. नॉर्बर्टने घाईघाईने वाळुंजाची एक सरळ काडी कापली आणि नळीच्या तोंडातून आत खुपसली. कट्! काडी आत, टोक हातात. आता मूस चक्क चार पावलं पुढे आला! त्याला बहुधा बघायचं होतं, हा माणूस करतोय तरी काय.

"दाजी," एमेट हळूच म्हणाला, "दोर टाकू का गळ्यात?"

"गप्प बस!"

गावातल्या बंदूक-मिस्त्रीने गोळी अर्ध्या तासात काढली. काडी काढायला चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत गावभर ती गोष्ट सांगितली. नॉर्बर्टने मुकाट्याने नवी काडतुसं बनवली, जरा आखूड. मॅगझिनमध्ये लोण्यासारखी सरकली! निशाणावर पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. पण मूस? तो काही पुन्हा दिसेना. नॉर्बर्ट रोज पहाटे निघायचा, रोज ओल्या मोज्यांनी परत यायचा. एकतीस तारखेला संध्याकाळी मोसम संपला आणि तो स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत कोसळला.

"इकडे ये," खिडकीपाशी उभी असलेली व्हर्ना म्हणाली. "आवाज करू नकोस."

परसात, त्यांच्या सफरचंदाच्या झाडाखाली, मूस! चौदा पावलांवर! मोसम संपून दहा मिनिटं झाली होती, आणि वस्तीत तर एरवीही बार काढता येत नाही. तो आरामात खाली पडलेली सफरचंदं कुरूमकुरूम चावत होता.

नॉर्बर्टच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काचेला नाक लावून तो किती तरी वेळ बघत राहिला. एवढं जवळून त्याने मूस कधीच पाहिला नव्हता.

"व्हर्ना," तो अखेर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "तळघरातल्या टोपलीत अजून सफरचंदं आहेत ना गं? थोडी टाकू का त्याला?"

"खबरदार!" व्हर्ना म्हणाली. "हिवाळाभर आता आपल्याला तेवढंच खायचंय!"