ताजं जुनं तिकीट

बेबीने तिकिटावर चहा सांडला, मान तिरकी करून पाहिला आणि पुसून टाकला. मग पुन्हा सांडला, या वेळी जरा फिका. सगळा कारभार कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालला होता, त्यामुळे टेबल कोरडं ठणठणीत होतं. कपाच्या बुडाचा खरा डाग तिने कागदावर उमटवून, स्कॅन करून ठेवला होता. तो हवा तिथे, हवा तेवढा पुसट लावता यायचा. मग कडा करपवायच्या, मधोमध घडीची रेघ पाडायची, टाचणीचा गंज चढवायचा. एकदा या कामाला बसली की तिची अशी तंद्री लागायची, की गॅसवरचं दूध खरोखरचं करपायचं.

"लोक डाग घालवायला जिवाचं रान करतात आणि तू डाग घालत बसतेस," नवरा म्हणाला.

"तुला नाही कळायचं. पान भुंडं दिसतंय."

पान होतं आई-अप्पांच्या अल्बमचं. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बेबीने तो करायला घेतला होता. फोटोत नवं लग्न झालेले दोघं धक्क्यावर उभे होते आणि मागे बोट. त्या बोटीत ते कधी बसलेच नव्हते. अप्पांना पाण्याची अशी धास्ती, की बादली काठोकाठ भरली तरी ते एक पाऊल मागे सरायचे. "बोटीपर्यंत नेलं आणि फोटो काढून परत आणलं," हे आईचं रडगाणं बेबी पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. पण फोटोशेजारी जागा रिकामी होती आणि बेबीचे हात शिवशिवत होते. तिने तिथे बोटीचं तिकीट लावून दिलं, दोन माणसांचं. आई हसेल, अप्पांना चार टोमणे मारेल, एवढीच तिची कल्पना.

अल्बम छापून आला. आई पानं उलटत उलटत नेमकी तिथे थांबली. तिकिटाखाली बेबीने अशी सावली टाकली होती, की ते पानावर वेगळं चिकटवल्यासारखं वाटावं. आई ते नखाने सोडवायला लागली.

"निघत नाहीये गं. कशानं चिकटवलंस?"

"अगं आई, ते छापलेलं..."

"काय वारा होता ना हो त्या दिवशी!" आई अप्पांकडे वळून म्हणाली.

बेबीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. आईला विसर पडायला लागला की काय? अप्पांनी चष्मा पुसला, तिकिटाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"वारा कसला, वादळच ते," अप्पा म्हणाले. "तुझी चप्पल पाण्यात पडली. मीच उडी मारून काढली."

"तुम्ही? उडी?" बेबी किंचाळलीच.

"मग काय बोट मारणार होती?"

अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, तिथेच बसली होती. तो फोटो तिनेच काढलेला. बेबीने मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं, तर आत्याचे डोळे कुठेतरी लांब लागलेले.

"मी मागच्या फळीवर बसले होते," आत्या हळूच म्हणाली. "पाण्यात पाय सोडून."

"आत्या, तिकीट दोघांचं आहे!"

"मी लहान होते गं. लहानांना कोण विचारतं?"

खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं, तेही बेबीच्या कागदासारखंच पिवळं. अख्खी खोली हळूहळू डुलायला लागली. बेबीलाही क्षणभर ती बोट दिसली, आईचे उडणारे केस दिसले, अप्पांच्या हातातली ओली चप्पल दिसली. खरं सांगावं तर आईचं सुख हिरावून घेतल्यासारखं, आणि न सांगावं तर तिला डॉक्टरकडे न्यायचं कधी? तेवढ्यात जावयाला उत्साहाचं भरतं आलं.

"रविवारी पुन्हा जाऊ या सगळे! मी बोट ठरवतो."

अप्पांचा चेहरा कॉम्प्युटरशिवायच फिका पडला.

रविवारी सगळे त्याच धक्क्यावर आले. बोटीला लावलेल्या फळीशी अप्पा पोचले, खालचं पाणी पाहिलं आणि थिजले.

"चला की अप्पा! तुम्ही तर उडी मारणारे!" जावई ओरडला.

बेबीला राहवेना. तिने आईला बाजूला ओढलं. "आई, ते तिकीट मी बनवलंय गं. तुम्ही बोटीत कधी बसलाच नाहीत."

"मला सांगतेस? मी होते ना इथे," आई म्हणाली. "घरी जाईपर्यंत रडत होते."

"मग त्या दिवशी तू..."

"अगं, चाळीस वर्षं तेच रडगाणं गाऊन माझा मलाच कंटाळा आला होता. तू एवढं छान तिकीट काढून दिलंस. म्हटलं, बसून घ्यावं."

बेबीला एकदम रडूही आलं आणि हसूही. आई तोवर अप्पांपाशी पोचली होती. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"मागच्या वेळी तुम्ही माझी चप्पल आणलीत," ती म्हणाली. "आज डोळे मिटा. मी तुम्हाला आणते."

अप्पांनी डोळे गच्च मिटले आणि चढले. पाणी ताटासारखं सपाट होतं आणि सगळीकडे इंजिनाचा धूर. आई त्यांना पक्षी दाखवत होती, लांबचा डोंगर दाखवत होती आणि मिटल्या डोळ्यांनी अप्पा "वा, वा" म्हणत होते. धक्क्यावर पाय टेकले तेव्हा कुठे त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"काय अप्पा, कशी वाटली?" जावयाने विचारलं.

अप्पांनी पाण्याकडे पाठ फिरवली आणि ऐटीत शर्ट झटकला.

"ठीक होती. पण तेव्हाची मजा नाही."

"नाहीच मुळी," आई म्हणाली. "वारा तरी कुठे होता आज!"