काकवीचा चौथा डबा

आधीच सांगून ठेवतो, मी माफीबिफी मागणार नाही. चूक झालीच असेल तर ती बाटल्यांची.

झालं काय, एल नावाची काळी कडक बिअर घरी करायची, पण पुस्तकातली कृती बघायची नाही, असं मी एका रविवारी ठरवलं. अडतीस वर्षं कौन्सिलच्या पाणीखात्यात लोकांच्या मनासारखे फॉर्म भरले. निदान बिअर तरी माझ्या मनासारखी होऊ दे! कागदावर लिहिलं : फिकं माल्ट सहा किलो, करपवलेलं काळं माल्ट अर्धा किलो, काकवी एक डबा.

नेव्हिल माझा मेव्हणा. गावच्या प्रदर्शनात बिअरचं पहिलं बक्षीस चार वर्षं त्याच्याकडेच. त्याने कागद पाहिला.

"सिरिल, काळं माल्ट पाव किलो पुरे. जळक्या टोस्टसारखी लागेल रे!"

मी अर्ध्याचा एक किलो केला.

"आणि काकवी जरा..."

काकवीचे तीन डबे केले. (तो गप्प बसला असता तर कृती बरी झाली असती. मग दोष कुणाचा?)

खरी भानगड कपाटाची. यीस्टला ऊब लागते आणि आमच्या घरात ऊब एकाच जागी : गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटात. तिथे माझी बायको म्युरिएल चादरी वाळवते. माझी बिअरची बादली आत गेली आणि चादरी जिन्याच्या कठड्यावर आल्या, त्याही ओल्याच.

"शेवटचं सांगते," म्युरिएल म्हणाली, "प्रदर्शनात बक्षीस मिळालं तर कपाट तुझं, कायमचं. नाही मिळालं तर बादली बाहेर, तीही कायमची."

"कुठलंही बक्षीस?"

"कुठलंही. तिसरंसुद्धा चालेल. मिळतंय कशाला!"

हे मात्र मला झोंबलं. बाटल्या भरायच्या वेळी बिअर अजून बुडबुडत होती. अशा वेळी थांबावं, असं पुस्तक म्हणतं म्हणे. मी थांबलो तर नाहीच, वर चौथा डबा ओतला. चोवीस बाटल्या खालच्या फळीवर ठेवल्या. वरच्या फळीवर म्युरिएलने चादरी परत आणल्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं चहा घेत होतो, तोच वरून आवाज आला. ठो!

"काय फुटलं?"

"छे, दार आपटलं असेल."

मग ते दार आणखी बावीस वेळा आपटलं.

कपाट उघडलं. म्युरिएलच्या आईने दिलेल्या पांढऱ्या चादरींवरून माझी बिअर संथपणे खाली उतरत होती.

"बोल आता!"

"रंग पक्का आहे," मी म्हणालो.

चोविसावी बाटली नुसती तडकली होती. तिच्यातली बिअर गाळून घेतली आणि स्वयंपाकघरातली सॉसची रिकामी बाटली धुऊन तिच्यात भरली. प्रदर्शनात बाटलीवर नाव लावायचं नसतंच, फक्त नंबर. सकाळी ती प्रदर्शनाच्या हॉलवर देऊन आलो.

दुपारी निकाल बघायला गेलो. बिअरच्या टेबलावर माझी बाटलीच नाही!

"आणलीच नाहीस का? घाबरलास?" पहिलं बक्षीस मिरवत नेव्हिल म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून म्युरिएलची किंकाळी ऐकू आली. ती सॉसच्या स्पर्धेच्या टेबलापाशी उभी होती. मांडणी करणाऱ्या बाईंनी बाटलीचा आकार बघून माझी बिअर तिथे ठेवली होती. पुढे कार्ड : 'तिसरा क्रमांक. चव धीट. सॉस जरा पातळ.' शेजारी म्युरिएलचा आलुबुखाराचा सॉस, आणि त्याच्यापुढे काहीच नाही.

"सिरिल, ही बिअर आहे! जा, सांग त्यांना!"

"नाही सांगणार. कुठलंही बक्षीस, तूच म्हणालीस."

"बावीस वर्षं मी या टेबलावरून रिकाम्या हाताने गेले नाही रे."

तिचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हक्क म्हणजे हक्क.

म्युरिएल शब्दाची पक्की. संध्याकाळी कपाट उघडून बघतो तर लख्ख पुसलेलं. वरच्या फळीवर बक्षिसाचं कार्ड आणि खाली माझी उशी, पांघरूण, पायजमा.

"कपाट तुझं," ती झोपायच्या खोलीतून म्हणाली आणि कडी लावली. "कायमचं."

मी जिंकलो ते जिंकलोच. ऊबही झकास आहे. फक्त पाय बाहेर राहतात.