सलूनवाल्याची मीटिंग

बायको भावाकडे निघून गेली त्याला आज आठवा दिवस होता, आणि सलूनवाल्याने सकाळपासून तीन गिऱ्हाइकांच्या कानामागे साबण तसाच ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं. जाताना तिने एकच अट घातली होती. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते, तिथे जाऊन या, मगच मी परत येईन. "आणि थापा मारू नका," ती म्हणाली होती, "तुमच्या थापा बावीस वर्षं ऐकतेय मी."

आता ही मीटिंग भरते कुठे, ते ह्या माणसाला ठाऊक नसावं, हीच मोठी गंमत होती. कोणाचं लग्न कुठे फिसकटलं, कोणत्या साहेबांचे केस कशाने काळे झाले, सगळं त्याला खुर्चीपाशी कळायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गिऱ्हाइकं जाणून होती. दुसऱ्यांबद्दल ऐकायला मिळतं म्हणून तर ती येत होती.

स्वतःसाठी विचारायची सोय नव्हती. वस्तरा धरणारा हात पिणाऱ्याचा आहे असं कळल्यावर गळा पुढे करणार कोण? म्हणून त्याने आडून चौकशी सुरू केली.

"माझा एक ओळखीचा आहे हो," बँकेच्या मॅनेजरची दाढी करता करता तो म्हणाला, "त्याला ती दारू सोडायची मीटिंग हवीय. कुठे असते, काही कल्पना?"

मॅनेजर खुर्चीत ताठ झाले. "मला काय माहीत? मला कसं माहीत असेल? मलाच का विचारताय?"

"हलू नका साहेब, वस्तरा आहे."

मुख्याध्यापकांना विचारलं, तर त्यांना एकदम घरी पाहुणे आल्याचं आठवलं, आणि ते अर्ध्या चेहऱ्यावर साबण घेऊन रस्त्याला लागले. शिवणक्लासच्या बाई मुलाचे केस कापायला आल्या होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला आणि मुलाला उचलून नेलं. पिणाऱ्याबद्दल लोकांच्या मनात इतकी अढी असेल, असं सलूनवाल्याला वाटलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

शेवटी दवाखान्याच्या भिंतीवर त्याला एक कागद दिसला. गुरुवार, संध्याकाळी सहा, वाचनालयाच्या मागची खोली. नाव सांगायची गरज नाही.

गुरुवारी तो देवाचं नाव घेत त्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत गोलात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर मॅनेजर, मुख्याध्यापक आणि शिवणक्लासच्या बाई बसल्या होत्या. त्याला पाहून तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. त्याचंही पळालंच होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"इथे... काय आहे आज?" त्याने विचारलं.

"बुद्धिबळ," मॅनेजर म्हणाले.

"वाचन मंडळ," त्याच क्षणी मुख्याध्यापक म्हणाले.

"बुद्धिबळावरची पुस्तकं वाचतो आम्ही," बाईंनी सावरून घेतलं.

"पुस्तकं दिसत नाहीत कुठे."

"पाठ आहेत."

आपण खोली चुकलो, असं त्याला वाटलं. पण लगेच बाहेर पडलं तर ही माणसं विचारणार, कुठे निघाला होता म्हणून. "मलाही आवड आहे बुद्धिबळाची," असं म्हणून तो बसला.

झालं! आता उठायची सोय कोणालाच राहिली नाही. मुख्याध्यापक वीस मिनिटं हत्तीवर बोलले. घोडा अडीच घरं जातो, ही माहिती मॅनेजरांनी दोनदा दिली. "आणि उंट तिरका चालतो," ते घाम पुसत म्हणाले.

"मीही तशीच चालायचे पूर्वी," बाई बोलून गेल्या, आणि जीभ चावून खाली बघू लागल्या.

सलूनवाल्याला काय झालं कोण जाणे, तो एकदम बोलू लागला.

"ओळखीचा वगैरे कोणी नाही," तो म्हणाला. "तो मीच. नऊ वर्षं पितोय. बायको भावाकडे गेलीय. आज चार दिवस थेंब घेतला नाही, पण घरात शिरवत नाही हो मला."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!" मॅनेजर जवळजवळ ओरडले. "आठवडाभर झोप नाही मला!"

मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. "इथला नियम एकच. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं." तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"शपथ," सलूनवाला म्हणाला.

मग खरी मीटिंग सुरू झाली. दुकानात वर्षभर पुरलं असतं इतकं त्याने दीड तासात ऐकलं. दोनदा त्याचे डोळे भरून आले. तिथून तो तडक मेहुण्याच्या घरी गेला. दार बायकोनेच उघडलं.

"जाऊन आलो मीटिंगला."

"पुरावा?"

"तिथे चिठ्ठी-बिठ्ठी देत नाहीत गं."

"मग कोण कोण होतं, ते सांगा."

त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं. "ते सांगता येत नाही."

"एखादं नाव तरी?"

"नाही."

"बायका असतात का हो तिथे?"

"अगं नको विचारूस, पाया पडतो तुझ्या!" त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तिने त्याला नीट निरखलं. मग ती आत गेली आणि बॅग घेऊनच बाहेर आली.

"दादा, निघते मी."

"अगं, पण ते खरंच गेले होते कशावरून?" भावाने विचारलं.

"थाप असती तर एव्हाना दहा माणसांची नावं सांगून झाली असती," ती चपला घालत म्हणाली. "चला हो."